शेल गॅसच्या विहिरीचं खारं पाणी: नव्या विहिरी थांबल्या की ते जाणार कुठे?

ओहोळ
पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलचा (खोलवरच्या, गॅस धरून असलेल्या खडकाच्या थराचा) विषय निघाला की "बहुतेक सगळं पाणी पुन्हा वापरतात" हे वाक्य येतंच. वाक्य खोटं नाही. पण त्याने प्रश्न मिटला असं धरून चालतात, ते मला पटत नाही. हिशेब मांडतो, चुकलं तर कान धरा.

समजा एका पॅडवर (विहिरी खणायच्या जागेवर) ६ विहिरी आहेत आणि प्रत्येकीच्या फ्रॅकिंगला (दाबाने पाणी सोडून खडक फोडायला) ४ कोटी लिटर पाणी गेलं. पहिल्या महिन्यात त्यातलं १० टक्के परत आलं (या शेलमध्ये कमीच परत येतं), तर सहा विहिरींचं मिळून २ कोटी ४० लाख लिटर झालं. पुढच्या पॅडला २४ कोटी लिटर लागणार. म्हणजे परत आलेलं पाणी नव्या पाण्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्याची खारटी लिटरला १ लाख मिलिग्रॅम धरली तरी मिश्रणात ती १० हजारांवर येते. इथवर सगळं छान.

आता वर्षभराने काय होतं बघा. प्रत्येक विहीर रोज ३० बॅरल पाणी देते असं धरू. बॅरल म्हणजे १५९ लिटर, सहा विहिरींचे रोज साधारण २९ घनमीटर. तोवर खारटी २ लाखांच्या घरात गेलेली असते, समुद्राच्या पाचपटीहून जास्त. म्हणजे रोज पावणेसहा टन मीठ. गॅस येतोय तोवर हे चालू. शेजारी नवी विहीर खणली जातेय तोवर गिऱ्हाईक आहे. गॅसचा भाव पडला आणि रिग (विहीर खणायचं यंत्र) हलली, की मग?

तिरसट
रोज पावणेसहा टन मीठ? लोणच्याचा कारखाना काढा.

चुनकळी
@तिरसट, त्या लोणच्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि रेडियम फुकट. मार्सेलसच्या पाण्यात बेरियम लिटरला काही हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं. पाण्यात विरघळलेलं बेरियम विषारी असतं.

मिठागरी
गंमत बाजूला ठेवू, पण प्रश्न खराच आहे. पेण-उरणकडे समुद्राचं पाणी ३ बोमेपासून (बोमे म्हणजे खारट पाण्याच्या घनतेचं माप) उन्हावर चढवत २५ बोमेला नेतात आणि मीठ पाडतात. ओहोळ म्हणतात ते पाणी तर आधीच १८ बोमेच्या आसपास असणार. निम्म्याहून जास्त काम जमिनीखालीच झालंय. मग नुसते वाफे करून उन्हात का सोडत नाहीत?

खडकवाचक
१८ बोमेचा अंदाज बरोबर आहे, घनता साधारण १.१४ येते. पण अडचणी तीन.

एक, पाऊस. पश्चिम पेनसिल्व्हेनियात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो, तोही बारा महिने विखरून. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि मिठागराला आठ महिने कोरडे मिळतात. तिकडे उघड्या तळ्यात उडतं त्यापेक्षा पडतं जास्त. टेक्सास आणि वायोमिंगच्या कोरड्या भागात बाष्पीभवनाची तळी आहेत, कारण तिथलं हवामान तसं आहे.

दोन, पाणी जितकं खारट तितकं ते उडायला कुरकुरतं. १८ बोमेनंतरचा वेग गोड्या पाण्याच्या हिशेबाने धरला तर तळ्याचं माप चुकलंच म्हणून समजा.

तीन, हे नुसतं सोडियम क्लोराइड नाही. कॅल्शियम लिटरला १० ते २० हजार मिलिग्रॅम असतं. मीठ पडून गेलं की तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा चिकट रस उरतो. तो कधीच वाळत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेतो. मिठागरात बिटर्न (मीठ काढल्यावरचं कडू पाणी) उरतं, तसाच प्रकार.

मिठागरी
बिटर्न म्हटल्यावर लगेच कळलं. आमच्याकडे ते खाडीत सोडून मोकळे होतात. इथे तीही सोय नाही.

तिरसट
खुर्ची टाकून बसलोय. चुनकळी, तुमच्या नावाला जागा आता. प्रक्रिया नेमकी काय करतात ते पायरीपायरीने येऊ द्या.

चुनकळी
जागतो. पुनर्वापरासाठी प्रक्रिया करायची असेल तर साधारण अशी:

आधी टाकीत निवळू देणं. वाळू, शेलची भुकटी, थोडं तेल. मार्सेलसचा बराच भाग कोरड्या गॅसचा असल्याने तेल कमीच.

मग लोखंड. जमिनीतून येतं तेव्हा ते विरघळलेलं असतं, पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली की तासाभरात चहासारखं होतं. हवा मारायची किंवा ऑक्सिडंट द्यायचा आणि चुन्याने किंवा कॉस्टिकने पीएच ८ ते ९ वर आणायचा. नवखा ऑपरेटर इथेच हात सैल सोडतो. पीएच १०.५ च्या वर गेला की मॅग्नेशियमही खाली बसायला लागतं आणि गाळ एकदम वाढतो. तो पांढरा, जेलीसारखा गाळ प्रेसमधून दाबला जात नाही, कापड बुजतं.

मग बेरियम. सोडियम सल्फेट द्यायचं. १ किलो बेरियमला कागदावर १.०३ किलो सोडियम सल्फेट लागतं. पाण्यात लिटरला २००० मिलिग्रॅम बेरियम असेल तर घनमीटरला २.०७ किलो. त्यातून बेरियम सल्फेट पडतं ३.४ किलो, कोरडं. प्रेसच्या केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या गाळात) निम्मं पाणी धरलं तर ६.८ किलो. ओहोळांच्या पहिल्या महिन्याच्या २४ हजार घनमीटरला म्हणजे १६० टनांहून जास्त केक, एवढ्या एकाच पायरीचा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. बेरियम सल्फेटचे कण फार बारीक पडतात आणि निवळायला वेळ खातात. म्हणून खाली बसलेला थोडा गाळ परत आत फिरवायचा, नवे कण त्या जुन्या कणांवर वाढतात. दुसरं म्हणजे हेच क्षार पाइपात आणि पंपाच्या इंपेलरवर दगडासारखे चढतात. अ‍ॅसिडने जात नाहीत. चुन्याचा थर समजून हायड्रोक्लोरिक ओतलं तर फक्त अ‍ॅसिड वाया. डीटीपीएसारखं कीलेटिंग (धातू पकडून विरघळवणारं) द्रावण गरम करून फिरवावं लागतं, नाहीतर यंत्राने खरवडायचं.

आणि लोखंडाची पायरी व सल्फेटची पायरी एकाच टाकीत उरकू नये. का, ते खाली लॅबवाले सांगतीलच.

डोझिंगमॅन
चुनकळींनी पाठ्यपुस्तक मांडलं, बरोबर मांडलं. पण आज पुनर्वापरासाठी बरेच जण बेरियम काढतच नाहीत. गाळून सूक्ष्म कण काढायचे, जिवाणू मारायचे, गोड्या पाण्यात मिसळायचं आणि पुढच्या विहिरीत. पूर्वी खारटीची भीती होती ती घर्षण कमी करणाऱ्या पॉलिमरमुळे. नेहमीचं अ‍ॅनायॉनिक पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड कॅल्शियम दिसलं की गुंडाळून बसतं, उलगडत नाही, आणि पंपाचा दाब वाढतो. मीठ सोसणारे पॉलिमर आले आणि हा अडथळा बराच कमी झाला. मात्र नेमक्या मिश्रणाच्या पाण्यावर चाचणी घेतल्याशिवाय डोस ठरवू नये. गेल्या आठवड्याच्या पाण्याचा डोस या आठवड्याला चालतो असं नाही.

चुनकळी
मान्य, पण एका अटीवर. मिसळायचं गोडं पाणी सल्फेटवालं नको. पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या जुन्या खाणींचं आम्लपाणी फ्रॅकिंगला वापरायची टूम आहे, कल्पना म्हणून चांगलीही आहे. दोन टाकाऊ पाणी एकमेकांना भिडवायची आणि सल्फेट फुकटात मिळवायचं. पण ते टाकीत भिडवा, विहिरीत नको. सल्फेट जास्त झालेलं पाणी खाली गेलं की शेलमधलं बेरियम गाठून तिथेच थर धरतं, आणि सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात ते वेगळंच. पुनर्वापराच्या पाण्यात सल्फेट उरण्यापेक्षा थोडं बेरियम उरलेलं परवडलं.

डोझिंगमॅन
+१. जिवाणूंवरून आठवलं. क्लोरीन डायऑक्साइड देणार असाल तर लोखंड आधी काढा, नाहीतर निम्मा डोस लोखंडच खाऊन टाकतं आणि जिवाणू मजेत. ग्लुटाराल्डिहाइडला तो त्रास कमी, पण हात-डोळे सांभाळा. आणि साठवलेल्या पाण्याला एकदा डोस दिला की झालं असं नसतं. उन्हाळ्यात टाकीत पाणी आठवडाभर पडलं की काळं पडून वास सुटलाच.

उंबरठा
टाकीचा विषय निघालाच आहे तर. नेहमीची फ्रॅक टँक ५०० बॅरलची. भोवतीचा बांध सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के आकारमानाला पुरेल असा लागतो, आणि त्या बांधात साचलेलं पावसाचं पाणी काढायला कुणी नेमलेलं नसेल तर ११० टक्के फक्त कागदावर राहतात. २०१६ च्या ऑक्टोबरपासून पेनसिल्व्हेनियाच्या नियमांनी शेलच्या विहिरींजवळ सांडपाण्याचे खड्डे बंदच केले, तेव्हा अस्तर फाटण्याचा प्रश्न बराचसा टाक्यांच्या वॉल्व्हवर आणि होजच्या कपलिंगवर आला.

आणखी एक: वरचं झाकण उघडून पट्टीने पातळी मोजू नका. टाकीत हायड्रोकार्बनची वाफ साठलेली असते, ऑक्सिजन कमी असतो. नुसतं झाकण उघडून मोजणी करताना अमेरिकेत माणसं गेली आहेत आणि २०१६ साली तिथल्या कामगार सुरक्षा खात्यांनी त्यावर इशाराही काढला. बाहेरून वाचता येणारा लेव्हल गेज बसवा. ढगाळ दिवशी, वारा पडलेला असताना तर झाकणाजवळ जाऊच नका.

सावित्री_लॅब
लॅबकडून चार गोष्टी.

१) खारटी कंडक्टिव्हिटी मीटरवरून ठरवू नका. २ लाखांच्या पट्ट्यात मीटरचा आलेख वाकतो, साधं गुणक लावलं की आकडा कमी येतो. हायड्रोमीटर लावा. मिठागरवाल्यांचा बोमे इथे जास्त विश्वासाचा.

२) सुकवून टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) काढताना नमुना थोडा घ्या. कॅल्शियम क्लोराइड वजनकाट्यावरच ओल ओढतं, वजन डोळ्यांदेखत वाढत जातं.

३) अशा पाण्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) बघून निर्णय घेऊ नका. लाखभर क्लोराइडपुढे मर्क्युरिक सल्फेट किती घालणार? आकडा क्लोराइडचा येतो आणि दोष सेंद्रियांना लागतो.

४) रेडियम. हे जरा सविस्तर.

मार्सेलसच्या पाण्यात रेडियम लिटरला हजारो पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) सापडतं; अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५ आहे. पिण्याच्या पाण्यासाठी बेतलेली रासायनिक पद्धत इथे लावली तर रेडियमला पकडणारं बेरियम कमी पडतं, कारण नमुन्यातच बेरियमचा महापूर असतो, आणि अहवालात रेडियम जवळजवळ नाहीच असं येतं. गॅमा स्पेक्ट्रोमेट्री करायची, आणि तीही नमुना सीलबंद करून २१ दिवसांनी. रेडियमपासून होणारा रेडॉन वायू आणि त्याची पिल्लं (त्यातून पुढे तयार होणारी मूलद्रव्यं) समतोलात यायला तेवढे दिवस लागतात.

चुनकळींनी दोन टाक्या वेगळ्या ठेवा म्हटलं त्याचं कारण इथे आहे. रेडियम बेरियम सल्फेटच्या कणात जाऊन बसतं. लिटरला २५०० पिकोक्युरी धरा: घनमीटरला २५ लाख, ते सगळं ६.८ किलो केकमध्ये. ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. साध्या मातीत ग्रॅमला १ च्या आसपास असतं. लोखंडाचा गाळ वेगळा ठेवला तर त्यात थोडंच रेडियम चिकटतं. एकत्र केला तर सगळाच ढीग रेडियमचा.

उंबरठा
सावित्रीताई, २१ दिवसांची गोष्ट गाळालाही लागू आहे ना? ताजा केक मीटरने तपासला, ठीक आला, डबा भरून आवारात तीन आठवडे पडला, आणि मग कचराभूमीच्या फाटकावर अलार्म वाजतो.

सावित्री_लॅब
अगदी तेच. प्रेसमधून पडताना रेडियम आहे पण त्याची गॅमा देणारी पिल्लं अजून पुरती जन्मली नाहीत. ताजा आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे. डबा पाठवण्याआधी पुन्हा मोजायचा. नाहीतर ट्रक फाटकावरून परत येतो आणि दोन्हीकडचं भाडं अंगावर.

नळाखाली
पण मुळात हे पाणी नदीत जात होतं, ते कुणी लिहिलंच नाही. सुरुवातीच्या वर्षांत ते पालिकांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत जायचं. तिथले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. मीठ या टोकाने आत आणि त्या टोकाने बाहेर, जसंच्या तसं. २००८ च्या शरदात मोनोंगहेला नदीत पाणी कमी असताना टीडीएस वाढला तेव्हा राज्याला जाग आली. त्यात गॅसच्या पाण्याबरोबर खाणींच्या पाण्याचाही वाटा होता, हे कंपन्यांनी तेव्हाही सांगितलं आणि ते चूक नव्हतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये नवीन विसर्गाला लिटरला टीडीएस ५००, क्लोराइड २५०, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम प्रत्येकी १० मिलिग्रॅम अशी मर्यादा आली. जुन्या केंद्रांना मात्र सूट होती. म्हणून २०११ मध्ये राज्याने १९ मेपर्यंत तिथे पाणी नेणं थांबवा अशी विनंती कंपन्यांना केली. पालिकेच्या केंद्रांवर देशभर पूर्ण बंदी आली २०१६ साली.

खरी डोकेदुखी होती ब्रोमाइड. त्याला चव नाही, वास नाही. पण खालच्या गावाच्या जलशुद्धीकरणात क्लोरीन भेटलं की ब्रोमीनवाले ट्रायहॅलोमिथेन (आरोग्याला घातक संयुगं) तयार होतात. चुना, सल्फेट, पॉलिमर यांनी ब्रोमाइड हलत नाही. वरती कुठेतरी सोडलं की खालच्या पंपघराच्या गळ्यात.

तिरसट
म्हणजे "विनंती" केली आणि ऐकलं? तेवढं महाराष्ट्रात कसं करायचं यावर वेगळा धागा काढा.

स्पेंटवॉश
आमच्या धंद्यातला प्रश्न विचारतो. डिस्टिलरीला आणि केमिकल युनिटला आपल्याकडे झेडएलडीच्या (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या) नावाखाली एमईई (टप्प्याटप्प्याने वाफ करणारं यंत्र) आणि एटीएफडी (पातळ थर सुकवणारा ड्रायर) बसवायला लावतात. तसं तिकडे का नाही? आरओ लावा, मग एमईई, मग ड्रायर.

चुनकळी
आरओ विसरा. समुद्राच्या पाण्याचा परासरणदाब (मेंब्रेनमधून गोडं पाणी काढायला ओलांडावा लागणारा दाब) २७ बारच्या आसपास, तिथे नेहमीचा मेंब्रेन ६०-७० बारवर चालतो. २ लाखांच्या पाण्याचा दाब त्याच्या कितीतरी वर. मेंब्रेन फाटेल, पाणी येणार नाही.

वाफ करता येते. तिकडे वाफ पुन्हा दाबून तिचीच उष्णता वापरणारे एमव्हीआर जास्त चालतात. पण ओहोळांचं पाणी घ्या: लिटरला २०० ग्रॅम मीठ आधीच आहे, ३१० च्या आसपास ते स्फटिक धरायला लागतं. म्हणजे शंभर लिटरातून साधारण ३५ लिटर गोडं पाणी काढलं की बाष्पकाची मर्यादा संपली, पुढे क्रिस्टलायझरच हवा. टायटॅनियमसारखा महाग धातू, घनमीटरला भरमसाट वीज, आणि शेवटी मीठ हातात. ते मीठ रस्त्यावरच्या बर्फासाठी विकायचं तर बेरियम-रेडियम आधी काढलेलं हवं. आणि मघाचा कॅल्शियमचा रस उरतोच.

खडकवाचक
उदाहरण आहे. वेस्ट व्हर्जिनियात डॉड्रिज काउंटीत अँटेरो कंपनीने रोज ६० हजार बॅरलचा असा प्रकल्प उभारला होता. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तो थांबवला. तंत्र कागदावर चालतं, हिशेब गॅसच्या भावावर चालतो.

स्पेंटवॉश
आमच्या एटीएफडीचा ब्लेडही मीठ चिकट झालं की अडकतो. दुःख ओळखीचं निघालं.

पाटसरी
अवांतर: आपल्या देशात काय स्थिती? शेल गॅस निघतो का?

खडकवाचक
ओएनजीसीने दामोदर खोऱ्यात इच्छापूरला २०११ च्या जानेवारीत शेलमधून गॅस काढून दाखवला, २०१३ ला सरकारी धोरण आलं, खंबातच्या खोऱ्यातही चाचण्या झाल्या. अमेरिकेसारखं उत्पादन झालेलं नाही. पण नियम बघा: तेल-गॅसचं पाणी जमिनीवर सोडायला टीडीएस २१००, क्लोराइड ६०० मिलिग्रॅम. २ लाखांचं पाणी त्यात बसवायला शंभरपटीहून जास्त गोडं पाणी लागेल, आणि पातळ करून सोडणं हा काही उपाय नव्हे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसॉल्टवर बसलाय, तेव्हा निदान आपल्या अंगणात हे येत नाही.

आता ओहोळांच्या मूळ प्रश्नाकडे. खरं उत्तर जमिनीखाली आहे: विसर्जन विहीर, म्हणजे खारं पाणी खोल थरात कायमचं सोडायची विहीर. पेनसिल्व्हेनियात अशा विहिरी मोजक्या, शेजारच्या ओहायोत दोनशेच्या वर. म्हणून ट्रक पश्चिमेला जातात. विहिरीला केसिंग-सिमेंटचे थर (केसिंग म्हणजे बाहेरचा पोलादी नळ), ट्यूबिंग (आतला नळ) आणि केसिंगमधल्या फटीचा दाब सतत बघायचा, ५ वर्षांतून एकदा तरी गळतीची चाचणी, आणि दाब खडक फुटेल त्याखाली. पाणी नीट गाळलेलं नसेल तर थर बुजतो, दाब चढतो, आणि दाब चढला की पुढचं संकट.

ओहायोतल्या यंग्जटाउनला डिसेंबर २०१० मध्ये अशी विहीर सुरू झाली. वर्षभरात लहान धक्के सुरू झाले आणि ३१ डिसेंबर २०११ ला ४ च्या आसपासचा. पाण्याने भेगेतला दाब वाढला, दोन बाजूंना आवळून धरणारा जोर सैल पडला, आणि आधीच ताणलेली भेग सरकली. कोयना ज्यांना आठवते त्यांना हे नवं नाही. तिथे धरणाचं पाणी, इथे पंपाचं.

डोझिंगमॅन
ओक्लाहोमाही लिहा की. २०१६ ला पॉनीला ५.८.

खडकवाचक
लिहितो, पण ते शेलच्या फ्रॅकिंगचं परत आलेलं पाणी म्हणून खपवू नका. तिथे तेलाबरोबर निघणारं प्रचंड खारं पाणी आर्बकल नावाच्या खोल थरात सोडत होते. गोष्ट एकूण किती पाणी, किती वेगाने आणि कुठल्या भेगेजवळ याची आहे. पाणी कुठून आलं हे भेग विचारत नाही.

ओहोळ
सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा कामाचा झाला. माझा हिशेब पुढे नेतो.

१८० बॅरल रोज. घनता १.१४ धरली तर १०० बॅरल म्हणजे १८ टन, ट्रक साधारण तेवढ्यावरच भरतो. म्हणजे एका पॅडमागे रोज दोन ट्रक, पुनर्वापर बंद पडल्या दिवसापासून. उत्पादन घटत जाईल तसे ट्रकही कमी होतील, पण विहीर बंद होईपर्यंत थांबणार नाहीत. लिलावात पॅड दुसऱ्या कंपनीला विकला तर ट्रकांचं बिलही त्या कंपनीकडे जातं. विकत घेणाऱ्याने गॅसचा आलेख बघताना पाण्याचा आलेखही मागून घ्यावा.

डोझिंगमॅन
एक पर्याय राहिला. एका कंपनीचं पाणी दुसरीला देणं. राज्याच्या डब्ल्यूएमजीआर १२३ या परवान्याखाली प्रक्रिया करून साठवलेलं पाणी दुसऱ्याच्या फ्रॅकला जातं. तुमची रिग हलली तरी शेजाऱ्याची चालू असेल. ले-फ्लॅट (जमिनीवर अंथरायचा लवचीक) पाइप टाकला तर ट्रक वाचतात. फक्त दोन्ही पाण्यांची जार टेस्ट (बरणीत मिसळून चाचणी) एकत्र करून बघा, एकात बेरियम आणि दुसऱ्यात सल्फेट असेल तर पाइपातच पांढरं होईल.

ओहोळ
आणि शेजाऱ्याचीही रिग हलली तर?

खडकवाचक
तर ओहायो.

तिरसट
लोणच्याचा प्रस्ताव अजून उघडा आहे.